लाल दिव्यावरचा कोट

धाकट्याने त्या दिवशी भोंगा गप्प केला तो मान वर न करताच. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याने काउंटरखालचा हँगर उचलला, मागच्या भिंतीवर टांगलेल्या कोटाची बाही सारली आणि हँगरच्या टोकाने निळं बटण दाबलं. घशात घास अडकावा तसा भोंगा थांबला. बाही पुन्हा जागेवर पडली. गिऱ्हाइकाने विचारलं, कसला हो आवाज. धाकटा म्हणाला, काही नाही, आमच्या सासूबाई ओरडतात अधूनमधून. गिऱ्हाईक हसलं. आतल्या खोलीत कॉलरवर इस्त्री दाबून उभ्या असलेल्या अक्काने ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

अक्का ही धाकट्याची थोरली बहीण. लाँड्री त्यांच्या वडिलांची. पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीची खोली, मागे धुण्याची यंत्रं आणि ड्रायर. वरच्या मजल्यावर धाकटा, त्याची बायको आणि त्यांची आई राहायची. सगळ्यात वरची खोली एका नर्सला भाड्याने दिलेली. ती रात्रपाळी करून दिवसा झोपायची. अक्काचं स्वतःचं बिऱ्हाड पलीकडच्या गल्लीत होतं, पण सकाळी आल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती इथेच. वडील गेल्यावर धाकटा शेठ झाला आणि अक्का इस्त्रीवरची अक्काच राहिली. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. भोंग्याचं मात्र वाटत होतं.

भोंगा बसवला तेव्हा बसवणाऱ्या माणसाने सगळ्यांना समोर उभं करून समजावलं होतं. छताला उपड्या वाट्यांसारख्या दिसतात त्या धूर हुंगतात. वाफसुद्धा हुंगतात, त्यांना फरक कळत नाही. निळं बटण भोंग्याचं फक्त तोंड बंद करतं. हिरवं बटण भिंतीवरच्या या पेटीला पुन्हा पहाऱ्यावर उभं करतं. नुसतं निळं दाबून निघून गेलात, तर पेटी समजते की बातमी तुम्हाला पोचली, आता तुमचं तुम्ही बघाल. घरातल्या सगळ्या वाट्या एकाच तारेवर आहेत, तेव्हा मग दुसऱ्या कुठल्या वाटीने किती का हुंगेना, पेटी बोलणार नाही. लाल दिवा तेवढा जळत राहील. धाकट्याने मान डोलावली, भावजयीने डोलावली, आणि इस्त्रीवरच्या मिशीने तर कळलं साहेब म्हणून सलाम ठोकला. मिशी हे त्याचं नाव नव्हे, पण त्याच्या ओठावर जे काही होतं ते बघितल्यावर नाव विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

अडचण एवढीच होती की वाफ विरायच्या आत हिरवं बटण दाबलं तर भोंगा पुन्हा बोंब ठोकायचा. म्हणजे आधी इस्त्र्या थांबवायच्या, रस्त्याकडच्या खिडक्या उघडायच्या, वाट बघायची आणि मग दाबायचं. खिडक्या उघडल्या की रस्त्याची धूळ थेट पांढऱ्या शर्टांवर. कोण करणार एवढं? पहिल्या पहिल्यांदा अक्का करायची. नंतर धाकटा आवाजासरशी निळं दाबून मोकळा होऊ लागला. मग संध्याकाळी वाफ विरल्यावर अक्का हिरवं दाबेपर्यंत लाल दिवा दिवसभर जळू लागला आणि येणारं जाणारं गिऱ्हाईक विचारू लागलं. तेव्हा धाकट्याने काय करावं? कुणीतरी धुवायला टाकून कधी न्यायला न आलेला एक जाड तपकिरी कोट होता, तो त्याने पेटीवरच्या खिळ्याला टांगला. दिवा दिसेना, प्रश्न मिटला.

भोंग्याला सासूबाई हे नाव मिशीने दिलं. सासूबाईंना कुणीतरी चहा पाजा रे, असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. भावजयही हसायची. अक्का एकदा हसली होती, नंतर नाही.

तर त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर ती इस्त्री उभी करून पुढे आली आणि धाकट्याला म्हणाली की आता तरी खिडकी उघड आणि हिरवं दाब. धाकट्याने तेच सगळं पुन्हा ऐकवलं. हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्यात, ड्रायर सकाळपासून थांबलेले नाहीत, धूळ बसली तर पुन्हा धुवायच्या कुणी, आणि वरची नर्स भोंग्यामुळे झोपमोड होते म्हणून कालच भांडून गेलीय. अक्काने विचारलं की ड्रायरच्या जाळीतला भुगा कधी काढलास. कपड्यांतून निघणारा तो मऊ भुगा दर खेपेला काढावा लागतो, हे धाकट्याला वडिलांनी चापट मारून शिकवलं होतं. तो म्हणाला, काढतो गं, तू तुझ्या कॉलरी बघ.

तिने कॉलरी बघितल्या. पण त्या दिवशी तिने दाबलेली एकेक कॉलर नुसती कडक नव्हती, धार लावल्यासारखी होती. मिशी तिच्याकडे न बघता काम करत राहिला.

जेवणाच्या वेळी ती वर गेली. आईला भरवायचं काम दुपारी तिचं असे. आईला अंथरुणाला खिळून बरेच महिने झाले होते. डावी बाजू लुळी आणि आवाज पार बसलेला. काही बोलली तर कान तोंडाशी न्यावा लागे. म्हणून उशाशी एक छोटी घंटी ठेवलेली. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी लघवीचं भांडं, आणि कधी नुसतंच कुणीतरी दारात दिसावं म्हणून आई ती वाजवायची. जरा जास्तच वाजवायची, हे अक्काही मान्य करत असे.

भरवून झाल्यावर आईने उजव्या हाताने घंटी उचलली, अक्काच्या कानाजवळ आणली आणि हलवली. कापडावर बोट आपटावं तेवढासुद्धा आवाज नाही. मग आईने तिला जवळ ओढलं.

"ऐकलंस का तू?" आई म्हणाली. "मला दोन-तीन दिवस ऐकूच येत नाही गं ती. कानही गेले वाटतं माझे."

अक्काने घंटी उलटी केली. आतल्या लोलकाभोवती कापूस गुंडाळला होता आणि वरून दोरा बांधला होता. नीट, घट्ट, शर्टाचं बटण शिवतात तसा.

आईसमोर तोंडातून काय बाहेर पडेल, याचा भरवसा तिचा तिलाच नव्हता. तिने दातांनी दोरा तोडला, कापूस ओढून काढला आणि घंटी आईच्या कानाशी वाजवली. लख्ख आवाज झाला. आईचा चेहरा असा काही उजळला की अक्काला तो बघवेना.

"कान शाबूत आहेत तुझे," ती म्हणाली. "वाजव तू. पाहिजे तेव्हा वाजव."

स्वयंपाकघरात भावजय ओट्याला टेकून उभ्या उभ्याच जेवत होती. अक्काने कापूस तिच्या ताटाशेजारी ठेवला. भावजयीने तो बघितला आणि घास खाली ठेवला. ती घाबरली नाही, उलट तिचाच आवाज चढला. मी बांधलेला नाही, ती म्हणाली. तुमच्या भावाने बांधलाय. पण मी बघितला आणि सोडवला नाही, तेही सांगते. तुम्ही संध्याकाळी घरी जाता, अक्का. मला रात्रभर तीच घंटी. यांना विचारलं तर हे कूस बदलून झोपतात, कारण उठायचं मलाच असतं. परवा मी यांना म्हटलं, एक दिवस तुम्ही उठून बघा ना काय पाहिजे त्यांना. तर त्यांनी बघितलं. हे असं बघितलं.

अक्का तिच्याकडे बघत राहिली. भावजयीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि हात साबणाने सोललेले. राग तिच्यावर काढावा म्हणून अक्का आली होती, पण तो तिथे बसेना. रागाला त्याची जागा माहीत होती आणि ती जागा खाली काउंटरवर होती. कापूस मुठीत घेऊन ती जिना उतरली.

काउंटरवर हॉटेलचा माणूस चादरींची चौकशी करायला आलेला. धाकटा हसून हसून त्याला संध्याकाळचा शब्द देत होता. अक्काने त्या दोघांच्या मध्ये कापूस ठेवला.

"हे काय?" धाकटा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ते काय आहे हे त्याला कळलं, कारण त्याचे कान लाल झाले.

हॉटेलच्या माणसाला काहीतरी घरचं आहे एवढं समजलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून दाराशी सरकला. धाकट्याने आवाज खाली आणला. आत्ता नको, अक्का, नंतर बोलू. अक्काने आवाज खाली आणला नाही. तिने विचारलं, तुला माहीत आहे का, आईला काय वाटत होतं? आईला वाटत होतं तिचे कान गेले. हातपाय गेले, आवाज गेला, आता कान गेले असं वाटून ती तीन दिवस तिथे पडून आहे आणि तू इथे दात काढतोयस. धाकटा म्हणाला, तिला काही नको असतं गं, सवय लागलीय तिला, उगीच वाजवते. अक्का म्हणाली, उगीच की कशासाठी, हे बघायला एकदा तरी गेलास? आयुष्यभर एकच काम शिकलास तू. आवाज आला की त्याचं तोंड दाबायचं आणि वर कोट टांगायचा. बाबा ओरडायचे तेव्हा तू घरातून पळायचास, मी बोलते तेव्हा तू रेडिओ मोठा करतोस, बायको रडली की दुकानात येऊन बसतोस. मिशीने आतून इस्त्रीची वाफ सोडली, जरा मोठ्यानेच, म्हणजे आपण ऐकत नाही असं वाटावं.

आणि त्याच वेळी वर घंटी वाजू लागली.

धाकट्याने दोन्ही हात पसरले. "बघ. काढलास ना कापूस? झालं सुरू."

घंटी थांबेना. नेहमीची आईची घंटी म्हणजे थोडी वाजली, मग जरा दम, मग थोडी. ही तशी नव्हती. ही एकसारखी वाजत होती, आणि मध्येच काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. ही आहे ना वर, ती बघेल, असं धाकटा म्हणाला. तो म्हणत होता तोवर अक्का अर्धा जिना चढली होती.

भावजय आधीच दारात पोचली होती. आईचा पाण्याचा पेला जमिनीवर पडलेला, आणि आई उजव्या हाताने घंटी वाजवत त्याच हाताने कोपऱ्याकडे दाखवत होती. तिथे खालच्या खोलीतून वर येणारा पाइप जमिनीतून बाहेर निघत असे. त्याच्या भोवतीच्या फटीतून धूर येत होता. धूर फार नव्हता. पण वाफ वेगळी आणि धूर वेगळा हे लाँड्रीत हयात घालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. जळक्या कापसाचा वास होता तो. खाली ड्रायरची खोली होती.

"चादरीत घे तिला," अक्काने भावजयीला सांगितलं. "खालची चादर चारी बाजूंनी गोळा कर. मी आलेच."

ती जिन्यावरूनच ओरडत खाली आली. मिशीने मागचं दार उघडलं आणि काळा लोट त्याच्या अंगावर आला. जाळीतला भुगा पेटला होता आणि त्याच्यावर हॉटेलच्या चादरी. मिशीने हसण्यावारी काही नेलं नाही. आधी मेन स्विच पाडला आणि भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर उपसला. हॉटेलचा माणूस रस्त्यावर पळाला आणि बंबवाल्यांना फोन करू लागला. छताला ड्रायरच्या बरोबर वर ती पांढरी वाटी धुरात बुडून गेली होती. आणि भोंगा गप्प होता. सकाळपासून गप्पच होता. पेटीच्या दृष्टीने बातमी कधीच पोचवून झाली होती.

सगळ्यात वरच्या खोलीत नर्स झोपलेली होती, दार आतून लावून, कानात बोळे घालून.

अक्काने कोट खेचला तो खिळ्यासकट हातात आला. लाल दिवा दिसला. बाहेरची वीज बंद असली तरी पेटीच्या पोटात तिची स्वतःची बॅटरी होती. अक्काने हिरवं बटण दाबलं. क्षणभर लाल दिवा विझला, सगळं शांत झालं. मग पेटीने पहिला वास घेतला आणि भोंगा असा फुटला की काउंटरवरची काच थरथरली.

आणि धाकट्याचा हात उठला. घरात आग लागलेली, मागून मिशी खोकत ओरडत होता, पायाशी धूर येत होता, आणि धाकट्याच्या उजव्या हाताने काउंटरखालून हँगर उचलला आणि निळ्या बटणाकडे नेला. त्याचं त्यालाही कळलं नसावं. तोंड मागच्या दाराकडे होतं, डोळे विस्फारलेले, आणि हात आपला रोजचं काम करत होता.

अक्काने तो हँगर धरला आणि त्याच्या हातून असा हिसकला की त्याची बोटं सोलली.

"बटणाला हात लावलास तर हात मोडून ठेवीन," ती म्हणाली. "वाजू दे. वरची बाई खाली येईपर्यंत वाजू दे. वर जा आणि आईला उचल."

धाकट्याने आपल्या हाताकडे बघितलं. मग तो धावला.

जिन्यावर नर्स भेटली, अनवाणी, केस पिंजारलेले, शिव्या देत. धूर दिसल्यावर शिव्या थांबल्या. चादरीत माणूस कसा धरायचा हे तिला ठाऊक होतं. तिने धाकट्याला खांद्याकडे लावलं, भावजयीला पायांकडे आणि स्वतः मध्ये हात घातला. आई खाली आली तेव्हा तिच्या मुठीत घंटी होती आणि ती अजून वाजत होती. भोंग्यात ती कुणालाच ऐकू येत नव्हती.

रस्त्यावर गिऱ्हाइकांची खुर्ची आणून तिला बसवलं. ती थरथरत होती. अक्काच्या हातात अजून तो कोट होता. तिने तो झटकला आणि आईला गुंडाळला.

बंबवाले आले. मिशीने निम्मी आग विझवलीच होती, उरलेली त्यांनी विझवली. दोन्ही ड्रायर गेले, चादरी गेल्या, मागची भिंत काळी झाली, आईच्या खोलीतली जमीन एका कोपऱ्यात उकलली. माणसं सगळी धड राहिली, मिशीची मिशी तेवढी एका बाजूने करपली. इतर कुठल्या दिवशी त्यावर महिनाभर हसणं झालं असतं.

बंबवाल्यांचा म्होरक्या काउंटरशी येऊन म्हणाला, आता बंद करा तो भोंगा, आमचं आम्हाला ऐकू येत नाही. धाकटा जागचा हलला नाही. त्याने अक्काकडे बघितलं. अक्काने निळं दाबलं. मग रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या तिने सताड उघडल्या. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट रांगेने टांगलेले होते, ते आधीच काळवंडले होते. आता त्यांवर धूळही बसू लागली. ती पेटीसमोर स्टूल घेऊन बसली. बऱ्याच वेळाने हिरवं दाबून बघितलं. भोंगा ओरडला. तिने निळं दाबलं आणि पुन्हा बसली. तिला घाई नव्हती. ऊन रस्त्यावरून निघून गेल्यावर तिने पुन्हा हिरवं दाबलं, आणि या खेपेला लाल दिवा विझून हिरवा लागला तो लागलाच.

तोवर आईला वरच्या पुढच्या खोलीत, धाकट्याच्या स्वतःच्या पलंगावर झोपवलं होतं. भावजय खाली येऊन पायरीवर बसली होती आणि भिंतीला डोकं टेकून तशीच डोळे मिटून राहिली होती. धाकटा अक्काच्या स्टुलाशी आला. बोटांना फडकं बांधलेलं.

"चुकलं माझं, अक्का," तो म्हणाला.

तो खरंच म्हणत असेल. पण म्हणण्याची घाई तीच होती, आवाज तोच होता. हे बोललं की समोरचा आवाज थांबतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने आजवर दर वेळी तो थांबवलाही होता. धाकटा आहे, जाऊ दे, म्हणून.

"मला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी गप्प बसणार नाहीये."

रस्त्यावरून माणसं डोकावून जात होती. पेटीवर आता काही टांगलेलं नव्हतं. खिळा होता तिथे भिंतीत नुसतं भोक राहिलं होतं.

वर घंटी वाजली.

भावजयीने डोळे उघडले आणि सवयीने उठायला लागली. अक्काने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि तो हात तसाच ठेवला. घंटी थांबली. जरा दम घेतला. पुन्हा वाजली.

धाकटा जिना चढून गेला. थोड्या वेळाने तो परत जिन्याच्या तोंडाशी आला, वरूनच वाकला आणि भांडं कुठे ठेवलंय म्हणून विचारू लागला. भावजयीने सांगितलं, पलंगाखाली. मग ते कसं धरायचं तेही सांगितलं, कारण त्याला माहीत नव्हतं. अक्का हसली नाही. तिने काळवंडलेला एक शर्ट दोरीवरून उतरवला, तोंडाशी धरून हुंगला आणि धुवायच्या ढिगात फेकला.